‘छातीला मुका मार’ आणि तिसरी रात्र

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

घोडबंदर रस्त्यावर दुचाकी घसरली, शीळफाट्यावर टेम्पो उलटला, कळवा-मुंब्र्याच्या दरम्यान लोकलच्या दारातून कोणी खाली पडले, की दुसऱ्या दिवशी ठाणे-नवी मुंबईच्या पानावर बातमी येते. तिच्यात एक ठरलेले वाक्य असते: ‘छातीला मुका मार लागला असून प्रकृती स्थिर आहे.’ या वाक्याचे दोन्ही तुकडे आम्हाला खटकतात. मुका मार म्हणजे बाहेर रक्त दिसत नाही, एवढेच. आत चार-सहा बरगड्या मोडलेल्या असू शकतात. आणि ‘स्थिर’ हा शब्द पहिल्या दिवशी कोणी वापरू नये, कारण बरगड्या मोडलेला माणूस बिघडतो तो बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. संध्याकाळी बिस्किट खाऊन फोनवर बोलणारा रुग्ण तिसऱ्या रात्री मिनिटाला ३५ श्वास घेत बसलेला आढळतो आणि घरच्यांना वाटते, रुग्णालयानेच काहीतरी बिघडवले.

त्याच वेळी अतिदक्षता विभागाच्या दारात एक नवा प्रश्न येतो: ‘हल्ली बरगड्यांवर प्लेट टाकतात म्हणे, आमच्या पेशंटला का टाकत नाही?’ पलीकडच्या खाटेचे नातेवाईक नेमके उलटे विचारतात: ‘कापाकापी टाळता येणार नाही का?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण दोन्ही सहसा पाचव्या-सहाव्या दिवशी विचारले जातात आणि तोवर उत्तराची निम्मी किंमत गेलेली असते. प्लेटचा, म्हणजे मोडकी बरगडी स्क्रूने धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्टीचा, फायदा खरा आहे, मात्र तो थोड्याच रुग्णांना होतो आणि त्यांना ओळखण्याची मुदत पहिल्या तीन दिवसांची असते. बाकीच्यांचे भवितव्य ठरते वेदना किती दबली आणि कफ किती निघाला यावर. हे जरा सविस्तर लिहितो आहोत. पत्र लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

मिनिटाला पंधरा श्वास धरले तरी छातीचा पिंजरा दिवसाला २१,६०० वेळा हलतो. मोडलेल्या पायाला प्लास्टर घालून विश्रांती देता येते, बरगडीला ती मिळतच नाही. प्रत्येक श्वासाला टोचते, म्हणून माणूस वरच्यावर श्वास घेतो आणि खोकला दाबतो. फुफ्फुसाचा तळाचा भाग मिटत जातो, त्यात कफ साचतो आणि कफात न्यूमोनिया. हा झाला एक रस्ता. दुसरा रस्ता फुफ्फुसाच्या स्वतःच्या माराचा, ज्याला आम्ही कंटूजन म्हणतो. ठेचलेल्या भागातल्या हवेच्या पिशव्यांत रक्त आणि पाणी झिरपते आणि ते २४ ते ७२ तासांत वाढत जाते. म्हणून पहिला एक्स-रे बराच स्वच्छ दिसतो आणि तिसऱ्या दिवशीचा पांढराफटक.

तिसरा रस्ता सर्वांत घातक. लागोपाठच्या तीन किंवा अधिक बरगड्या प्रत्येकी दोन ठिकाणी मोडल्या, की छातीचा एक तुकडा पिंजऱ्यापासून सुटतो. श्वास आत घेताना बाकीची छाती फुगते आणि हा तुकडा आत ओढला जातो, सोडताना बाहेर येतो. याला फ्लेल चेस्ट म्हणतात. अंगावरचा शर्ट पूर्ण काढून, पायाकडे उभे राहून, तिरक्या उजेडात एक मिनिट नुसते पाहिले तरी हे दिसते. मात्र रुग्णाला व्हेंटिलेटर लावल्यावर दिसेनासे होते, कारण मशीन हवा आतून ढकलते आणि तुकडाही बाकीच्या छातीबरोबर फुगतो. नळी टाकण्याआधी कोणी पाहून कागदावर लिहिले नसेल, तर ही नोंद कायमची हुकते.

साधा एक्स-रे ‘नॉर्मल’ आला म्हणून निर्धास्त होऊ नये. त्यात निम्म्यापर्यंत फ्रॅक्चर निसटू शकतात आणि कूर्चा तुटली असेल तर ती दिसतच नाही. रुग्णाला धाप असेल, वय ६५ च्या वर असेल किंवा मार जोराचा असेल तर सीटी स्कॅन हवा. शस्त्रक्रियेचा विचार असेल तर त्याच सीटीवरून त्रिमिती चित्र तयार करून मागावे, त्यासाठी पुन्हा स्कॅन करावा लागत नाही. डावीकडच्या नववी ते अकराव्या बरगड्यांखाली प्लीहा असते, उजवीकडे यकृत. तिथली फ्रॅक्चर दिसली की पोटाची सोनोग्राफी आधी, बरगड्यांची चर्चा नंतर. पहिली बरगडी आखूड, रुंद आणि गळपट्टीच्या हाडाआड लपलेली असते. ती मोडली म्हणजे धक्का मोठा होता असे समजून मान, मोठ्या रक्तवाहिन्या आणि हाताची नाडी तपासावी.

आता पट्ट्याबद्दल. मेडिकलच्या दुकानात रिब बेल्ट मिळतो, शेजारी सुचवतात, हाडवैद्य छाती चिकटपट्टीने आवळून देतो. आवळल्यावर बरे वाटते, कारण छाती हलायची थांबते. नेमके तेच नको असते. न हललेल्या भागात कफ साचतो. अनेक बरगड्या मोडलेल्या माणसाला पट्टा बांधून घरी पाठवणे म्हणजे न्यूमोनियाला आमंत्रण.

‘ऑपरेशन नको, औषधांवर ठेवू’ असे म्हटले की लोकांना वाटते, आता काही करायचे नाही, नुसती वाट पाहायची. प्रत्यक्षात हा मार्ग जास्त मेहनतीचा आहे आणि तो नीट पाळला न गेल्यानेच पुष्कळ रुग्ण व्हेंटिलेटरवर जातात. पहिली चूक केसपेपरवर होते: वेदनाशामकापुढे ‘एसओएस’ लिहिलेले असते, म्हणजे रुग्णाने मागितले तर द्यायचे. आपल्याकडचा रुग्ण मागत नाही. ‘सहन होतंय’ म्हणतो आणि श्वास चोरतो. औषध घड्याळावर हवे. प्रौढाला पॅरासिटामॉल दर ६ तासांनी १ ग्रॅम, दिवसाला ४ ग्रॅमच्या वर नाही, ५० किलोपेक्षा कमी वजनाला किलोमागे १५ मिलिग्रॅमच्या हिशेबाने आणि यकृताचा आजार किंवा दारूचे व्यसन असेल तर आणखी कमी. त्याच्या जोडीला डायक्लोफेनॅक किंवा किटोरोलॅक, पण रक्तदाब पडलेला असेल, लघवी कमी असेल किंवा आत रक्तस्राव चालू असेल तर मुळीच नाही, मूत्रपिंड जाते. ट्रॅमाडॉल, फेंटॅनिल, मॉर्फिन हे तिसऱ्या पायरीवर. ती उपयोगी आहेत, पण झोप आणतात, बद्धकोष्ठ करतात, वृद्धांना भ्रम होतो आणि झोपलेला माणूस खोकत नाही. मॉर्फिनने वेदना गेली आणि श्वासही मंदावला, तर आपण एक रोग देऊन दुसरा घेतला. (हे सर्व रुग्णालयातल्या देखरेखीखाली. घरी स्वतःच्या मनाने नव्हे.)

म्हणून तीनपेक्षा जास्त बरगड्या मोडल्या असतील आणि गोळ्या-इंजेक्शनांनी खोल श्वास जमत नसेल, तर भूलतज्ज्ञाला पहिल्याच दिवशी बोलवायला हवे. पूर्वी एकच उत्तर होते, पाठीच्या मणक्यातून एपिड्युरल, म्हणजे मणक्याच्या पोकळीत बारीक नळीने सोडलेले भुलीचे औषध. ते आजही उत्तम काम करते, विशेषतः दोन्ही बाजूंच्या बरगड्या मोडल्या असतील तेव्हा. पण मणक्याला मार असेल, रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, रक्तदाब कमी असेल तर ते देता येत नाही. रक्ताची गाठ होऊ नये म्हणून दिलेल्या एनॉक्सापॅरिनसारख्या हेपॅरिनच्या चामडीखालच्या डोसनंतरही १२ तास थांबावे लागते. २०१६ मध्ये इरेक्टर स्पायनी प्लेन ब्लॉकचे (ब्लॉक म्हणजे तेवढ्या भागाचे मज्जातंतू बधिर करणारे इंजेक्शन) वर्णन प्रसिद्ध झाले आणि पुष्कळ ठिकाणची अडचण सुटली. सोनोग्राफीच्या मदतीने पाठीच्या स्नायूखाली, मणक्याच्या आडव्या टोकावर २० ते ३० मिली सौम्य भुलीचे औषध सोडतात आणि बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, ठेवून ते दिवसभर चालू ठेवतात. सुई मणक्याच्या पोकळीपासून दूर राहते, म्हणून धोका कमी. बाजूच्या आणि पुढच्या फ्रॅक्चरला छातीच्या बाजूच्या स्नायूलगत दिलेला सेराटस ब्लॉक चालतो. त्रास होतो तो दोन गोष्टींमुळे: कॅथेटर घामाने आणि कूस बदलताना सरकतो, आणि दोन्ही बाजूंना ब्लॉक देताना एकूण मात्रेची बेरीज कोणी करत नाही. कानात आवाज, तोंडात धातूची चव, ओठ बधिर अशी लक्षणे दिसली तर औषध ताबडतोब बंद. जिथे ब्लॉक दिला जातो तिथे या विषबाधेवरचा उतारा, म्हणजे २० टक्के लिपिड इमल्शनची बाटली, हाताशी हवी.

मग तीन चेंडूंचे ते प्लास्टिकचे यंत्र, स्पायरोमीटर. ठाणे-नवी मुंबईतल्या बहुतेक खाटांशेजारी ते असते आणि बहुतेक ठिकाणी चुकीचे वापरले जाते. निम्मे रुग्ण त्यात फुंकतात. ते फुंकायचे नाही, ओढायचे आहे. यंत्र सरळ उभे धरायचे, रुग्ण बसलेला हवा, नळी ओठांत घट्ट. चेंडूंवर ६००, ९००, १२०० असे आकडे असतात. ते सेकंदाला किती हवा ओढली याचे असतात, एकूण किती हवा आत गेली याचे नव्हे. जोरात हिसका दिला की तिन्ही चेंडू टुणकन वर जातात, नातेवाईक टाळ्या वाजवतात आणि फुफ्फुसाच्या तळाला काहीच पोहोचलेले नसते. एकच चेंडू तीन ते पाच सेकंद वर तरंगत ठेवला तर तो श्वास कामाचा. जागेपणी दर तासाला दहा वेळा, मध्ये दम घेत, चक्कर आली तर थांबून. दर वेळी शेवटी मांडीवरची उशी दुखऱ्या बाजूला छातीशी घट्ट धरून दोन दमदार खोकले. वेदनाशामकाचा असर चढला असताना हे करून घ्यायचे, उतरल्यावर नाही. ही साधी गोष्ट सिस्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांच्या वेळापत्रकांची गाठ पडत नाही म्हणून रोज फसते.

प्रगती मोजायला एक सोपी गुणपद्धत आहे: वेदना, श्वास आणि खोकला. वेदनेला १ ते ३, आत ओढलेल्या हवेला १ ते ४, खोकल्याला १ ते ३. एकूण कमीत कमी ३, जास्तीत जास्त १०; गुण जितके जास्त, तितकी प्रकृती बरी. हवेचे माप घ्यायला चेंडूंचे नव्हे, मिलिलिटर दाखवणारे स्पायरोमीटर लागते. वजनाच्या किलोमागे १५ मिलीपेक्षा कमी हवा ओढली जात असेल, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ९०० मिलीही जमत नसेल, तर तो धोक्याचा इशारा. पल्स ऑक्सिमीटरवरचा आकडा ९६ असला तरीही. ऑक्सिजन लावलेल्या माणसाचा तो आकडा फार उशिरा पडतो. आकड्याआधी श्वासांची गती वाढते, आणि श्वास मोजायला घड्याळाशिवाय काही लागत नाही. तरी चार्टवर दर तासाला ‘२०’ लिहिलेले असते, हे आपल्या सगळ्यांनाच ठाऊक आहे.

ऑक्सिजन कमी पडू लागला की आधी उंच प्रवाहाची नाकातली नळी, मग घट्ट बसणारा मास्क, आणि तरी भागले नाही तर घशात नळी. १९५६ पासून काही काळ असा समज होता की फ्लेल चेस्टला व्हेंटिलेटर हाच आतून दिलेला आधार, म्हणून प्रत्येकाला तो लावायचा. १९७५ च्या सुमारास दिसून आले की वेदना दाबून, कफ काढून, सलाइनचा मारा आवरून अनेकांना त्याशिवायच बरे करता येते. व्हेंटिलेटर लागतो तो फुफ्फुस थकले म्हणून, बरगडी मोडली म्हणून नव्हे. लागलाच, तर एका श्वासाची हवा उंचीवरून काढलेल्या हिशेबी वजनाच्या किलोमागे सुमारे ६ मिली. १६५ सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचे हिशेबी वजन सुमारे ६१ किलो, म्हणजे एका श्वासाला साधारण ३७० मिली, मग तो काट्यावर ८५ किलो का असेना. डोके ३० ते ४५ अंश वर. ठेचलेल्या फुफ्फुसाला स्टेरॉइडचा उपयोग नाही. न्यूमोनिया झालेलाच नसताना ‘कव्हर’ म्हणून भारी अँटिबायोटिकही नको.

नळी टाकून यंत्राने हवा ढकलायला सुरुवात झाली की आणखी एक धोका उभा राहतो. मोडक्या बरगडीच्या टोकाने फुफ्फुसाला बारीक छिद्र पडलेले असेल, तर आतापर्यंत न जाणवलेली हवा छातीच्या पोकळीत दाबाने भरते आणि काही मिनिटांत रक्तदाब कोसळतो. अशा वेळी एक्स-रेची वाट पाहायची नसते. छातीतली नळी, म्हणजे आयसीडी, काखेच्या पुढच्या बाजूला बरगड्यांमधल्या चौथ्या-पाचव्या फटीत, खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला लागून घालतात, कारण वरच्या बरगडीच्या खालच्या कडेने शीर, धमनी आणि मज्जातंतू जातात. नळीतून एकदम १५०० मिली रक्त आले किंवा ताशी २०० मिलीचा ओघ काही तास चालूच राहिला, तर छाती उघडावी लागते. तेव्हा बरगड्यांच्या शस्त्रक्रियेचा वाद आपोआप मिटतो: छाती उघडलीच आहे, तर त्याच वाटेने मोडक्या बरगड्या बसवून घ्याव्यात.

आता प्लेटकडे. बरगडी वाकडी, पिळदार आणि पातळ असते, बाहेरचे कवच जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे. म्हणून तारा आणि सरळ पट्ट्यांनी केलेले जुने प्रयोग ढिले पडत. आताच्या प्लेट टायटॅनियमच्या, बरगडीच्या वळणाला आधीच वाकवलेल्या आणि स्क्रू प्लेटलाच घट्ट बसणारे असतात. फटीच्या दोन्ही बाजूंना निदान तीन स्क्रू हवेत. बरगडीची जाडी मोजून त्याच मापाचे, साधारण ८ ते १२ मिलिमीटरचे. मिलिमीटर-दोन मिलिमीटर जास्त लांब स्क्रू फुफ्फुसाला टोचतो, आखूड स्क्रू आतले कवच धरत नाही आणि त्या २१,६०० हेलकाव्यांत निसटतो. प्लेट बाहेरच्या पृष्ठभागावर बसवायची, खालच्या कडेच्या मज्जातंतूला धक्का न लावता, नाहीतर हाड जुळते आणि छातीभर जळजळ मागे राहते.

सगळ्या बरगड्या बसवायच्या नसतात. काम साधारण तिसरीपासून दहावीपर्यंतच्या बरगड्यांवर. पहिल्या दोन खोल आणि रक्तवाहिन्यांलगत, शेवटच्या दोन मोकळ्या, त्यांचा श्वासाला फारसा हातभार नाही. मणक्याच्या आडव्या टोकापासून अडीच सेंटिमीटरच्या आतले फ्रॅक्चर सहसा सोडतात, कारण तिथे स्क्रूला जागा नसते आणि पाठीचे जाड स्नायू आधार देतात. खवाट्याखालच्या फ्रॅक्चरला हाड सरकवून वाट काढावी लागते, क्वचित बरगडीच्या पोकळीत सळई घालतात. चांगला सर्जन पाठीचा मोठा स्नायू कापत नाही, बाजूला सारतो. चीर कुठे घ्यायची हे आदल्या दिवशी त्रिमिती सीटीवर ठरते. टेबलावर ठरवले तर चीर दुप्पट होते. चीर घेण्याआधी तासाभरात सेफाझोलिन या अँटिबायोटिकचा डोस. त्याच बैठकीत दुर्बिणीने छातीत साचलेले रक्त धुऊन काढायचे, कारण आठवडाभर राहिलेले रक्त दह्यासारखे घट्ट होते आणि फुफ्फुस उमलू देत नाही.

पुरावा काय सांगतो? २००२ चा जपानमधला अभ्यास ३७ रुग्णांचा, फ्लेल चेस्ट असलेल्या आणि व्हेंटिलेटरवरच्या. शस्त्रक्रियेच्या गटाला व्हेंटिलेटर सरासरी १०.८ दिवस लागला, दुसऱ्या गटाला १८.३ दिवस. २००५ चा इजिप्तमधला अभ्यास ४० रुग्णांचा, पण त्यात विनाशस्त्रक्रिया गटाला छाती चिकटपट्टीने आवळण्याचाच उपचार होता. अशा प्रतिस्पर्ध्यासमोर प्लेट जिंकणारच. २०१३ मध्ये मेलबर्नमध्ये ४६ रुग्णांवर: अतिदक्षता विभागातला मुक्काम कमी झाला, पण तीन महिन्यांनी फुफ्फुसाच्या क्षमतेत फरक नव्हता. २०२२ मध्ये कॅनडा-अमेरिकेतला सर्वांत मोठा अभ्यास आला, २०७ रुग्णांचा. पहिल्या २८ दिवसांत व्हेंटिलेटरविना गेलेले दिवस प्लेटच्या गटात सरासरी २२.७ आणि दुसऱ्यात २०.६. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. मात्र सुरुवातीपासूनच व्हेंटिलेटरवर असलेल्यांना सुमारे २.८ दिवस वाचले. मृत्यू प्लेटच्या गटात एकही नाही, दुसऱ्या गटात सहा. सहा हा आकडा लहान आहे. त्यावर इमारत उभारू नये, तसेच तो नजरेआडही करू नये.

फ्लेल नसलेल्या, व्हेंटिलेटरवर नसलेल्या, पण बऱ्याच सरकलेल्या बरगड्यांच्या रुग्णांचे चित्र धूसर आहे. २०२० च्या एका अमेरिकी अभ्यासात दोन आठवड्यांनी शस्त्रक्रियेच्या गटाची वेदना कमी आढळली, पण ११० पैकी फक्त २३ जणांचा गट चिठ्ठी टाकून ठरवता आला. बाकीच्यांनी आपला उपचार आपणच निवडला. २०२२ मध्ये मेलबर्नच्या गटाने १२४ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात तीन महिन्यांनी वेदनेत किंवा जीवनमानात फरक दिसला नाही.

यावरून आमचे मत असे. रुग्ण फ्लेल चेस्टमुळे व्हेंटिलेटरवर गेला आहे किंवा जाण्याच्या बेतात आहे, डोक्याला मोठी इजा नाही आणि पहिले तीन दिवस उलटलेले नाहीत, तर बरगड्यांचे काम करणाऱ्या सर्जनला त्याच दिवशी दाखवावे. तीन किंवा अधिक बरगड्या हाडाच्या जाडीइतक्या सरकल्या आहेत आणि नीट दिलेल्या ब्लॉकनंतरही श्वास-खोकला जमत नाही, तर चर्चा करावी. ‘नीट दिलेल्या’ यावर भर आहे. ब्लॉक न देताच ‘वेदना आवरत नाही’ म्हणून टेबलावर घेणे आम्हाला मान्य नाही. डोक्याला गंभीर मार असेल तर व्हेंटिलेटर मेंदूसाठी लागतो, बरगड्या बसवून तो सुटत नाही. फुफ्फुसच मोठ्या प्रमाणात ठेचलेले असेल, तरी तेच: पिंजरा दुरुस्त होतो, स्पंज दुरुस्त होत नाही, आणि अशा रुग्णाला कुशीवर झोपवून भूल देणे स्वतःच धोक्याचे. पाच-सात दिवसांनंतर सूज आणि मऊ हाडाची गाठ यांमुळे टोके सापडत नाहीत, रक्तस्राव वाढतो, आणि तोवर न्यूमोनिया झाला असेल तर प्लेटवर जंतू बसण्याची भीती. त्यामुळे ‘आधी आठवडाभर औषधांनी बघू, नाहीच जमले तर प्लेट’ हे धोरण ऐकायला समजूतदार वाटते, पण त्यात दोन्ही उपचारांचे तोटे पदरी पडतात.

वयाचा मुद्दा वेगळा. ६५ च्या वरच्या लोकांत प्रत्येक जादा मोडलेल्या बरगडीमागे मृत्यूची शक्यता १९ टक्क्यांनी आणि न्यूमोनियाची २७ टक्क्यांनी वाढते, असे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात आढळले. आजोबा न्हाणीघरात घसरले, ‘जरा लागलंय’ म्हणाले, हळद-दूध घेऊन झोपले, हे नौपाड्यातही घडते आणि नेरूळमध्येही. तीन बरगड्या मोडलेला ७५ वर्षांचा माणूस पहिले दोन-तीन दिवस देखरेखीखाली हवा, मग तो कितीही ठणठणीत दिसो. तो रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल तर तसे पहिल्याच वाक्यात सांगावे.

आपल्या भागाची खरी अडचण रुग्ण हलवण्याची आहे. ऐरोली, दिवा, कासारवडवली, तळोजा इथल्या लहान नर्सिंग होममध्ये रुग्ण आधी पोहोचतो. ते योग्यच आहे, जीव तिथेच वाचतो. पण पुढे मोठ्या रुग्णालयात जायचे तर ते पहिल्या ४८ तासांत ठरावे. वाटेत आयसीडीच्या नळीला चिमटा लावू नये. तिच्या टोकाची पाण्याची बाटली कायम छातीच्या पातळीखाली. स्ट्रेचरवर रुग्णाच्या पोटावर ठेवलेल्या बाटलीतले पाणी उलटे छातीत जाऊ शकते, आणि गर्दीच्या लिफ्टमध्ये नेमके हेच होते. सोबतच्या चिठ्ठीत ‘मल्टिपल रिब फ्रॅक्चर’ एवढेच नको. किती बरगड्या आणि कोणत्या, फ्लेल दिसले की नाही आणि कोणी पाहिले, अपघाताची वेळ तासासह, शेवटचे हेपॅरिन किती वाजता, ब्लॉक दिला का, आयसीडीतून एकूण किती मिली रक्त आले, आणि घशात नळी टाकण्याआधी रुग्ण हात-पाय हलवत होता का. या सात गोष्टी लिहायला तीन मिनिटे लागतात. त्या नसतील तर पुढच्या डॉक्टरांचे सहा तास जातात. सीटीची सीडी सोबत द्यावी, मोबाइलवर काढलेला फिल्मचा फोटो नको. त्यावरून त्रिमिती चित्र होत नाही.

पैशाचे: रस्ते अपघातातील जखमींसाठी केंद्र सरकारची रोखरहित उपचार योजना मे २०२५ पासून लागू आहे. नियुक्त रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा लाभ वेगळा, त्यासाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होतानाच भेटावे. प्लेटचे बिल बरगडीगणिक वाढते, म्हणून किती बरगड्या बसवणार आणि कोणत्या सोडणार हे शस्त्रक्रियेआधी विचारण्यात संकोच नको. नंतर प्रत्येक प्लेटचे आणि स्क्रूचे स्टिकर केसपेपरवर चिकटवलेले आहे का पाहावे आणि त्याची प्रत घ्यावी. पुढे एमआरआय करायचा झाला तर ती प्रत मागतात. टायटॅनियमने सहसा अडत नाही. प्लेट काढावी लागत नाही, जंतुसंसर्ग झाला किंवा ती सैल झाली तरच.

शस्त्रक्रिया झाली म्हणून तीन चेंडूंचे यंत्र सुटत नाही, उलट आता ते ओढायला सोपे जाते. हाड जुळायला सहा आठवड्यांपासून तीन महिने, दोन्ही मार्गांत. तीन महिन्यांनंतरही एका ठरावीक जागी ‘कट्’ असा आवाज, बोट ठेवताच कळ आणि त्या बाजूला झोपता न येणे, असे राहिले तर हाड जुळले नसण्याची शक्यता असते. तेव्हा पुन्हा सीटी करून घ्यावा, उशिरा बसवलेल्या प्लेटचा तिथे उपयोग होऊ शकतो.

दहीहंडीच्या दिवसांत आपल्या शहरात थर कोसळतात, तेव्हा डोक्याला टोपी आणि खाली गादी आहे की नाही याची चर्चा होते. पाठीवर आपटलेल्या, ‘काही नाही, दम लागलाय’ म्हणत कट्ट्यावर बसलेल्या गोविंदाचा शर्ट काढून छाती पाहणारा आणि त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजणारा एक माणूस प्रत्येक पथकात असावा. मिनिटाला २५ च्या वर गेले तर १०८ ला फोन करावा. आणि आपल्या वार्ताहरांना एक विनंती: ‘मुका मार’ लिहिण्याआधी किती बरगड्या, एवढे रुग्णालयाला विचारावे.

कळावे, लोभ असावा.

आपले,
अतिदक्षता, भूल आणि छातीच्या फिजिओथेरपीच्या क्षेत्रांत काम करणारे तिघे वाचक,
ठाणे